एफएसएच-ग्राहीची रचना : वैद्य व औषधनिर्माते यांच्यासाठी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एका औषधनिर्मात्याचा प्रतिनिधी आमच्या अजिंठ्याच्या चिकित्सालयात एक माहितीपत्रक ठेवून गेला. स्त्रीवंध्यत्वावरील एका कल्पाचे ते पत्रक होते. गुळगुळीत कागद, वरच्या बाजूस शतावरीच्या मुळांचे छायाचित्र आणि खाली निळ्या-केशरी फितींनी विणल्यासारखी एक आकृती. कल्पातील घटक एफएसएचच्या रिसेप्टरवर बसून बीजनिर्मिती पूर्ववत करतात, असे आकृतीखाली छापले होते. आकृती आम्हांस ओळखीची वाटली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील छिंग फान व वेन हेन्ड्रिक्सन यांनी २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेली मानवी एफएसएच-ग्राहीची रचना ती हीच. मूळ आकृतीत ग्राहीच्या हाती असलेली वस्तू म्हणजे एफएसएच हे संप्रेरक होय. पत्रकात तिचा केवळ रंग बदलून तीवर शतावरीचे नाव घातले होते.

प्रतिनिधीस विचारले, तेव्हा तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, चित्र वरून येतं. आम्ही फक्त वाटतो.” त्याचे म्हणणे खरेच होते. पण असे चित्र आपण वाचकांपैकी किती जणांस पारखता येईल, हा प्रश्न मनात राहिला. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात संप्रेरकांची नावे व कार्ये आपण पाठ केली; संप्रेरक ज्याच्याशी बोलते त्या ग्राहीचे स्वरूप मात्र बहुतेकांच्या वाचनात आले नाही. त्याचे एक कारण असे की, आपण शिकत होतो तेव्हा ते कोणालाच पुरते ठाऊक नव्हते.

एफएसएच हे पिट्युइटरी ग्रंथीतून स्रवणारे प्रथिन-संप्रेरक. त्याच्या दोन साखळ्या असतात. एकीत ९२ व दुसरीत १११ अमिनो आम्ले, आणि दोहोंवर शर्करेच्या लहान फांद्या. पहिली साखळी एलएच, टीएसएच व गर्भावस्थेतील एचसीजी या तिघांतही तीच असते. संप्रेरकाची ओळख ठरते ती दुसरीवरून. रक्तातून हे संप्रेरक शरीरभर फिरते, तथापि स्त्रीशरीरात त्याची हाक प्रामुख्याने ऐकू येते ती बीजांडकोशातील बीजपुटकांच्या ग्रॅन्युलोसा पेशींना, कारण त्यांच्या पटलावर त्याचा ग्राही असतो. पुरुषात तोच ग्राही वृषणातील सर्टोली पेशींवर असतो. एफएसएच पेशीच्या आत शिरत नाही. ते बाहेरून ग्राहीस धरते. ग्राहीचा पटलातील भाग थोडा हलतो, आतील जी-प्रथिनास धक्का बसतो, सायक्लिक एएमपी वाढते आणि पुटक वाढीस लागते. दारावरची कडी वाजली की घरातले माणूस उठते, तसा हा प्रकार आहे. पाहुणा आत येत नाही, निरोप आत जातो.

सर्व ग्राही असे नसतात, व ही गोष्ट औषधनिर्मात्यांनी विशेष ध्यानी घ्यावी. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके लहान व स्नेहविद्राव्य असल्यामुळे पेशीपटल ओलांडून आत जातात आणि आतील ग्राहीच्या एका बंदिस्त पोकळीत बसतात. त्या पोकळीत वनस्पतीतील एखादा लहान रेणूही बसू शकतो. एफएसएच-ग्राहीची गोष्ट वेगळी. त्याचे संप्रेरक प्रचंड आहे. त्याचा रेणुभार तीस हजारांहून अधिक. शतावरीतील शतावरीन-४ या सॅपोनिनचा रेणुभार सुमारे नऊशे. एक दुसऱ्याची जागा घेते असे म्हणणे म्हणजे पायलीच्या मापात एक दाणा टाकून माप भरले म्हणण्यासारखे आहे.

आता ही रचना पाहिली कशी जाते, ते सांगितले पाहिजे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी चार ते सात हजार अँगस्ट्रॉम असते. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. दोन अणूंमधील अंतर एक-दोन अँगस्ट्रॉमचे. एवढ्या जाड लहरींनी एवढे बारीक काही दिसणे अशक्य. सुमारे एक अँगस्ट्रॉम लांबीच्या लहरी असलेले क्ष-किरण लागतात. पण एका रेणूवर क्ष-किरण टाकून काही हाती लागत नाही, म्हणून त्या प्रथिनाचा स्फटिक करावा लागतो. स्फटिकात अब्जावधी रेणू एकाच पद्धतीने रांगेत बसतात. सिल्लोडकडून अजिंठ्यास येताना एसटीच्या खिडकीतून कपाशीचे शेत पाहावे. गाडी पुढे सरकते तशा सरी कधी आडव्या, कधी तिरक्या अशा एका रेषेत येतात, आणि त्या रेषांच्या कोनांवरून दोन झाडांतील अंतर सांगता येते. क्ष-किरणही स्फटिकातील रांगांवरून ठरावीक कोनांतच परावर्तित होतात. ते हजारो ठिपके मोजून, गणित करून, रेणूतील अणूंच्या जागा काढतात. निघालेली रचना तपासण्यासाठी जगभर जो आलेख वापरला जातो, तो आपल्याच देशातील जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलेला.

एफएसएच-ग्राहीबाबत अडचण स्फटिकाचीच होती. मानवी ग्राहीचे जनुक १९९१ साली हाती आले व त्यावरून त्याची अक्षरमाला कळली. एकूण ६९५ अमिनो आम्ले, त्यांपैकी पहिली १७ प्रथिन घडताना कापली जातात. साधारण निम्मा भाग पेशीच्या बाहेर, मग सात वेळा पटल आरपार छेदणारा भाग, आणि शेवटी पेशीच्या आत लोंबणारे शेपूट. पटलातील भाग स्निग्ध परिसरात राहणारा असल्यामुळे त्यास पाण्यात आणले की त्याचा गोळा होतो. घृत व जल यांचे जमत नाही, हे आपणांस सांगावयास नको. शिवाय हा ग्राही स्थिर उभा राहत नाही, डोलत असतो, आणि डोलणारे रेणू रांगेत बसत नाहीत. म्हणून फान व हेन्ड्रिक्सन यांनी केवळ बाहेरील, संप्रेरक धरणारा भाग घेतला, तो कीटकाच्या पेशींत घडवून घेतला व एफएसएचसहित त्याचा स्फटिक केला. २.९ अँगस्ट्रॉम इतक्या स्पष्टतेने जे दिसले ते असे : ग्राहीचा बाहेरील भाग वाकलेल्या बाहूसारखा आहे आणि एफएसएच त्याच्या आतल्या वळणात आडवे धरलेले आहे, दोन माणसांनी हस्तांदोलन करावे तसे. कुलूप-किल्लीचे जे चित्र आपण वर्गात काढत असू, ते येथे लागू पडत नाही. पकड मोठ्या पृष्ठभागावर पसरलेली आहे आणि तिचा प्रत्येक बिंदू थोडाथोडा भार उचलतो.

येथे परळचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे उचित होणार नाही. मुंबईत परळ येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्था आहे. पुढे या संस्थेच्या संचालक झालेल्या डॉ. स्मिता महाले व त्यांचे सहकारी यांनी एफएसएच-ग्राहीवर दीर्घकाळ काम केले. संपूर्ण ग्राही अद्याप कोणी पाहिलेला नसताना हे काम चालू होते. न दिसणाऱ्या वस्तूची घडण हाताने चाचपून ओळखावी तशी त्यांची रीत. ग्राहीच्या तुकड्यांसारखे लहान पेप्टाइड प्रयोगशाळेत बनवायचे आणि संप्रेरकाशी त्यांचे काय होते ते पाहायचे. किंवा ग्राहीतील एक वळसा काढून त्या जागी एलएच-ग्राहीतील तसाच वळसा बसवायचा आणि ग्राहीचे कोणते काम बिघडले ते नोंदवायचे. पटलाबाहेर डोकावणाऱ्या तीन वळशांपैकी दुसरा वळसा ग्राही कार्यान्वित होण्यास अत्यावश्यक आहे, असा निष्कर्ष या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केला. पुढे छायाचित्र मिळाले म्हणजे आधीचे चाचपणे निरुपयोगी ठरते, असे नाही. चित्रात केवळ आकार दिसतो. त्यातील कोणता भाग काम करतो आणि कोणता नुसता असतो, हे बदल करून पाहिल्यावाचून कळत नाही. आपल्या नियतकालिकांत परदेशी प्रयोगशाळांची नावे वारंवार येतात आणि परळचे क्वचितच, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिले.

त्याच वर्षी, २०१२ मध्ये, बाहेरील संपूर्ण भागाची रचना प्रसिद्ध झाली. बाहू व पटल यांच्यामधील बिजागरीसारखा दुवा प्रथमच दिसला. या दुव्यातील एक टायरोसीन, ज्यावर गंधकयुक्त गट चढलेला असतो, संप्रेरक आल्यावर त्याच्यातील खोबणीत जाऊन बसतो, असे आढळले. म्हणजे संप्रेरक आधी बाहूत येते आणि मग बिजागरी त्यास पकडते. तरीही पटलातील अर्धा भाग, ज्यावाचून निरोप आत जात नाही, दिसायचा राहिलाच होता.

तो दिसण्यासाठी स्फटिकाची अटच सोडावी लागली. क्रायो-ईएम म्हणजे अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन या पद्धतीत प्रथिनाचे द्रावण पातळ थरात इतक्या त्वरेने गोठवतात की पाण्याचे स्फटिकही बनत नाहीत. त्या काचेसारख्या बर्फात रेणू अडकतात. कोणी उताणा, कोणी पालथा, कोणी कुशीवर. इलेक्ट्रॉनांचा मारा फार करता येत नाही, कारण त्याने रेणूच नष्ट होतो; त्यामुळे प्रत्येक रेणूची प्रतिमा अतिशय पुसट येते. मग लाखो पुसट प्रतिमा घेऊन, सारख्या कोनातील वेगळ्या काढून, एकमेकींवर ठेवतात. आमच्या येथील पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीची एकच डागाळलेली नक्कल कोणी दिली तर मूळ चेहरा सांगता येणार नाही. पण हजारो नकला मिळाल्या, आणि प्रत्येकीत डाग निराळ्या जागी असला, तर त्या एकत्र पाहता डाग आपोआप विरतात व चेहरा उरतो. संगणक तेच करतो. या पद्धतीच्या पायाभूत कामाबद्दल दुबोशे, फ्रँक व हेन्डरसन यांना २०१७ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

याच मार्गाने २०२१ साली एलएच-ग्राही, २०२२ साली टीएसएच-ग्राही आणि २०२३ साली संपूर्ण एफएसएच-ग्राही दिसला. या तिसऱ्या ग्राहीवरील काम शांघाय येथील संशोधकांचे. त्यांनी ग्राहीच्या दोन अवस्था दाखवल्या. निष्क्रिय असताना बाहू पटलाकडे कललेला असतो. एफएसएच येऊन बसले की त्याच अवस्थेत त्यास पटलाशी दाटी होते आणि बाहू उभा राहतो. तो उभा राहताना बिजागरी वळते, पटलातील सात दंडांपैकी काही सरकतात आणि आतील बाजूस जी-प्रथिनासाठी जागा होते. टीएसएच-ग्राहीचेही असेच. ग्रेव्ह्ज रोगातील प्रतिपिंड टीएसएचसारखे दिसत नाहीत, तरी बाहू उभा करण्याचे काम ते करू शकतात. म्हणून टीएसएच जवळपास शून्य असतानाही थायरॉइड धावत राहते. थायरॉइडचे रुग्ण आपणां सर्वांकडे येतात, त्यांचे अहवाल वाचताना हे चित्र डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ग्राहीचे आतील शेपूट या रचनांत दिसत नाही, कारण ते स्थिर नसते आणि प्रतिमांची बेरीज करताना पुसून जाते. नेमक्या याच शेपटात, ६८० व्या जागी, काही व्यक्तींत अॅस्पॅराजीन तर काहींत सेरीन असते, आणि आयव्हीएफमध्ये एफएसएचची सुई किती लागते याच्याशी या भेदाचा संबंध २००० सालापासून अनेकांनी अभ्यासला आहे. याच जनुकातील भेदांचा व बीजांडकोशाच्या मंद प्रतिसादाचा संबंध परळच्या संशोधकांनी २००९ साली नोंदवला. म्हणजे व्यवहारात ज्या भागाविषयी प्रश्न आहेत, तो भाग आजही चित्राबाहेर आहे.

ग्राहीतच जन्मजात दोष असेल तर काय होते, हे फिनलंडमधील काही कुटुंबांत १९९५ साली उघड झाले. १८९ व्या जागी अॅलानीनऐवजी व्हॅलीन, एवढाच बदल. तो आई व वडील या दोघांकडून आलेला. बदललेला ग्राही नीट घडी घेत नाही व बहुतांशी पेशीच्या आतच अडकून पडतो. या स्त्रियांत एफएसएच भरपूर असते, पण पटलावर त्यास धरणारा पुरेसा ग्राही नसल्यामुळे पुटके वाढत नाहीत. चरकाचार्यांनी बीजदोषापासून होणाऱ्या षण्ढी या योनिव्यापदास असाध्य म्हटले आहे. लक्षणे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून ही तुलना ताणू नये. तरी बीजातच दोष असता चिकित्सेस मर्यादा पडते, हे स्पष्ट लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा त्या ग्रंथात आहे, तो आपल्या पत्रकांत नाही. ओघाने आठवले : सुश्रुतोक्त ऋतु, क्षेत्र, अंबु, बीज यांपैकी क्षेत्र म्हणजेच रिसेप्टर, असे प्रतिपादन आम्ही एका संमेलनात ऐकले होते. टाळ्याही पडल्या. क्षेत्र या शब्दाचा आवाका ज्यास ठाऊक आहे, त्यास तो असा एका प्रथिनाएवढा करून घेण्याची गरज वाटू नये.

येथे आमच्या हातून झालेली एक गोष्ट लिहिणे भाग आहे. सुमारे आठ वर्षांपूर्वी पंचक्रोशीतील एक विवाहिता आमच्याकडे आली. वय तेहेतीस, मूल नाही, आर्तव अल्प व दोन-दोन महिन्यांनी. आम्ही क्षीणार्तवाचे निदान केले. शतावरी कल्प, फलघृत, उत्तरबस्ती असा क्रम सुरू केला. तिला बरे वाटू लागले, भूक सुधारली, झोप लागू लागली, एक-दोनदा पाळीही वेळेवर आली. तेवढ्यावर आम्ही समाधान मानले व चौदा महिने काढले. रक्ततपासणी सांगितली ती त्यानंतर, आणि तीही तिच्या नणंदेने आग्रह धरला म्हणून. पाळीच्या तिसऱ्या दिवशीचे एफएसएच फार वाढलेले होते व एएमएच नगण्य. पुढची तपासणी शहरात झाली, तेथेही हेच निघाले. तिची पुटके संपत आली होती.

या ठिकाणी ग्राही बिघडलेला होता असे मानण्याचे कारण नाही. तसा दोष विरळा असतो. पुटकेच उरली नाहीत की ग्राही असणाऱ्या पेशी उरत नाहीत, बीजांडकोशाकडून उत्तर जात नाही, आणि उत्तर येत नाही म्हणून पिट्युइटरी आवाज चढवते. वाढलेले एफएसएच हा तो चढलेला आवाज. अशा रुग्णेस एफएसएचसारखे कार्य करणारे औषध देणे म्हणजे ओस पडलेल्या घराची कडी आणखी जोराने वाजवणे होय. ही समज आम्हांस तेव्हा असती, तर पहिल्याच भेटीत दोन तपासण्या लिहून दिल्या असत्या. तिचे यजमान फार शांतपणे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हे आधी कळलं असतं तर आम्ही दुसरंही काही बघितलं असतं.” चौदा महिन्यांपूर्वी तिच्यापाशी किती पुटके होती हे आज कोणी सांगू शकत नाही. ती असती तर कदाचित काही मार्ग निघाला असता, कदाचित नाही. तो निर्णय त्या दोघांचा होता आणि आमच्या स्वस्थपणामुळे तो त्यांना वेळेवर करता आला नाही.

आता पत्रकातील दाव्याकडे. वनस्पतिज द्रव्य ग्राहीत बसल्याची उदाहरणे नाहीत काय? आहेत, आणि त्यांतील एक आपल्या गुग्गुळाचे आहे. गुग्गुलस्टेरोन हे यकृतातील एफएक्सआर या पित्ताम्ल-ग्राहीस अडवते, असे २००२ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी मुंबई व नागपूरसह देशातील अनेक केंद्रांत झालेल्या चिकित्सालयीन चाचण्यांत गुगुलिपिडने कोलेस्टेरॉल उतरल्याचे १९८९ साली नोंदवले गेले होते. आता यंत्रणाही मिळाली म्हणून सर्वत्र आनंद झाला. लगेच पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे झालेल्या तुलनात्मक चाचणीत एलडीएल उतरले नाहीच, उलट किंचित वाढले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. आहार, प्रकृती, सत्त्व की संपूर्ण द्रव्य, असे अनेक मुद्दे त्यावर काढता येतील व ते काढावेतही. पण ग्राहीवरील क्रिया आणि रोगावरील गुण यांच्यात किती अंतर असू शकते, हे तेथे दिसले. २००४ साली आणखी कळले की गुग्गुलस्टेरोन पीएक्सआर या दुसऱ्या ग्राहीसही जागे करते, आणि हा ग्राही औषधे विघटित करणारी यकृतातील विकरे वाढवतो.

पीएक्सआरची पोकळी मोठी व लवचीक आहे. युरोपात नैराश्यावर वापरल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीतील हायपरफोरिन हे द्रव्य त्या पोकळीत बसलेले २००३ साली प्रत्यक्ष स्फटिकात दिसले. ही वनस्पती घेणाऱ्या स्त्रियांत गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव का घटतो, याचा उलगडा त्यातून होतो. रुग्णा आधुनिक औषधे घेत असताना आपण गुग्गुळाचे कल्प देतो, तेव्हा ही माहिती त्या शतावरीच्या चित्रापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाची आहे. आम्ही तरी आता चालू गोळ्यांची पाकिटे पाहिल्यावाचून दीर्घकाळ गुग्गुळ लिहीत नाही.

एफएसएच-ग्राहीतही लहान रेणूस जागा अगदीच नाही असे नव्हे. २०२३ च्या रचनेत एक कृत्रिम रेणू पटलातील भागात, वरच्या बाजूच्या खोबणीत बसलेला दिसतो. तो संप्रेरकाच्या जागी न बसता दूरून ग्राहीस चालना देतो. एफएसएच हे प्रथिन असल्याने पोटात पचून जाते व सुईनेच द्यावे लागते. गोळी करता यावी म्हणून असे रेणू शोधले जात आहेत. शतावरीतील एखादे द्रव्य त्या खोबणीत बसेल काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मात्र आजवर प्रसिद्ध झालेल्या रचनांत ते बसलेले नाही. शिवाय पोटात घेतलेल्या सॅपोनिनांच्या शर्करा आतड्यातील जिवाणू बऱ्याच अंशी तोडतात. तेव्हा मुळात होते तेच द्रव्य बीजांडकोशापर्यंत पोहोचते असे धरून चालता येत नाही.

अलीकडे पुरावा म्हणून डॉकिंगचे अहवाल जोडण्याची पद्धत पडली आहे. संगणकात ग्राहीची रचना घ्यायची, द्रव्याचा रेणू तीत निरनिराळ्या प्रकारे बसवून पाहायचा आणि गुण काढायचे. पुढे काय तपासावे हे ठरवण्यास ही रीत उत्तम. पण संगणक प्रत्येक रेणूस काही ना काही गुण देतोच, साखरेसही देईल. औषधनिर्मात्यांनी असा अहवाल करून घेतला असेल, तर त्यापुढे पेशींवर सायक्लिक एएमपी मोजून घेतले काय, आणि रक्तात ते द्रव्य किती पोहोचते हे पाहिले काय, एवढे तरी विचारावे. शतावरीची उपयुक्तता यावर अवलंबून नाही. स्तन्य, बल्य, रसायन म्हणून तिचा व्यवहार आपण करतो तो शतकांच्या अनुभवावर, आणि तसे लिहिण्यात कमीपणा नाही.

कायद्याचीही बाजू आहे. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत स्त्रियांचे वंध्यत्व व मासिक पाळीचे विकार हे दोन्ही आहेत. नोंदणीकृत वैद्यकांनाच गोपनीयपणे पाठवलेल्या साहित्यास त्यात सूट आहे. पण ही पत्रके गोपनीय राहतात कोठे? आमच्याच बाकावर, प्रतीक्षा करणाऱ्या रुग्णांच्या हाती ती आम्ही पाहिली आहेत, आणि ती तेथे ठेवणारे आम्हीच होतो.

तो प्रतिनिधी यंदा आषाढात पुन्हा आला. नव्या पत्रकात ती आकृती नव्हती. आम्ही पाठवलेले पत्र वरपर्यंत पोहोचले असावे, किंवा छपाईचा खर्च वाचवला असावा. ‘हार्मोन संतुलन’ हे शब्द मात्र कायम होते. कोणते हार्मोन, संतुलन म्हणजे किती, आणि ते कोणत्या तपासणीने पाहायचे, असे तीन प्रश्न आम्ही विचारले. त्याने ते दैनंदिनीत उतरवून घेतले व पुढील फेरीत उत्तर आणतो म्हणाला.